तपासणीचे तास तिकिटातच धरा

ठाणे आणि नवी मुंबईतून मुलांकडे लंडनला किंवा अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांचं तिकीट निघतं तेव्हा सगळ्यांची नजर भाड्यावर असते. दोन विमानांच्या मध्ये दीड तास दिसला की उलट बरंच वाटतं, उगाच ताटकळायला नको. पण सीमेवर दहशतवादविरोधी तपासणीसाठी कोणी बाजूला घेतलं, तर सगळ्यात आधी बुडतो तो हाच दीड तास. त्या तपासणीत गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही: पोलीस नाही, विमान कंपनी नाही, आणि बहुतेक पॉलिसींत विमाही नाही. अडवणं टाळणं आपल्या हातात नसतं. तिकीट कसं काढायचं, कागद कुठे ठेवायचे आणि अडवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय विचारायचं, हे मात्र असतं.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण तिथला कायदा तासांच्या हिशेबात लिहिलेला आहे. टेररिझम ॲक्ट २००० मधलं शेड्यूल सेव्हन, म्हणजे सातवं परिशिष्ट, पोलिसांना विमानतळावर, बंदरावर आणि युरोस्टारच्या स्थानकावर कोणत्याही प्रवाशाला थांबवून प्रश्न विचारण्याचा, झडती घेण्याचा आणि रोखून ठेवण्याचा अधिकार देतं. त्यासाठी संशय असावाच लागतो, असं नाही. ही माणसं दहशतवादी कृत्यात गुंतलेली आहेत का, हे ठरवण्यासाठी प्रश्न विचारायचे, एवढंच कारण पुरतं. फक्त वंश किंवा धर्म बघून निवडायचं नाही, असं त्यांची आचारसंहिता सांगते. ही तपासणी देशात शिरताना होते तशी बाहेर पडतानाही होते. ब्रिटनच्या आतल्या विमानप्रवासालाही ती लागू आहे, म्हणजे हीथ्रोहून एडिनबराला जातानाही.

वेळेचं गणित असं. पहिला प्रश्न विचारल्यापासून घड्याळ सुरू. एक तासापर्यंत नुसती तपासणी. तासापुढे न्यायची असेल तर त्या माणसाला रीतसर ताब्यात घ्यावं लागतं. सगळं मिळून जास्तीत जास्त सहा तास. पूर्वी ही मर्यादा नऊ तासांची होती. ऑगस्ट २०१३ मध्ये हीथ्रोवर पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा यांना जवळजवळ पूर्ण नऊ तास ठेवलं, त्यावर बराच गदारोळ झाला. २०१४ च्या कायद्याने ती मर्यादा सहावर आणली. सहा तास म्हणजे हीथ्रोहून त्या दिवशीचं पुढचं विमान तर गेलंच, बऱ्याच मार्गांवर त्याच्या नंतरचंही गेलं.

दारातच दोन मिनिटं थांबवून पासपोर्ट बघतात, कुठून आलात, कुठे चाललात विचारतात, ते बहुतेक वेळा प्राथमिक चौकशीत मोडतं आणि तिथेच संपतं. ती शेड्यूल सेव्हनची तपासणी नव्हे आणि तिचं घड्याळही चालू होत नाही. पुढे रीतसर तपासणी करायची असेल तर अधिकाऱ्याने तसं सांगायला हवं, आणि हक्क-कर्तव्यांचा छापील कागद द्यायला हवा.

इमिग्रेशनने थांबवलं की पोलिसांनी?

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी 'इमिग्रेशनवाल्यांनी पकडलं' या एका वाक्यात जातात, आणि इथेच गोंधळ सुरू होतो. व्हिसावर आलेल्या आई-बाबांना बाजूला बसवतात तेव्हा बहुतेक वेळा ते बॉर्डर फोर्सचं, म्हणजे सीमेवरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांचं, काम असतं. किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, परतीचं तिकीट आहे का, सुनेचं बाळंतपण करायला आलात का, असे त्यांचे प्रश्न. ही चौकशी १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याखाली होते आणि पुढे लांबली तर आयएस ८१ नावाचा एक पानी कागद हातात देतात. इथे मुलाचा फोन नंबर, घराचा पत्ता आणि परतीचं तिकीट दाखवलं की गाडी सहसा पुढे जाते.

शेड्यूल सेव्हनचे अधिकारी पोलीस असतात आणि बऱ्याचदा साध्या कपड्यांत असतात. ते विमानाच्या दारापाशी, पासपोर्टच्या काउंटरनंतर, सामानाच्या पट्ट्याजवळ किंवा परतताना गेटकडे जाणाऱ्या वाटेवर भेटतात. म्हणून पहिला प्रश्न तोंडपाठ असावा: 'अंडर व्हिच पॉवर ॲम आय बीइंग स्टॉप्ड?' उत्तरात 'शेड्यूल सेव्हन' आलं तर घड्याळात बघून वेळ कागदावर लिहायची. इमिग्रेशनच्या चौकशीत 'आठवत नाही' चालून जातं. इथे जाणूनबुजून उत्तर टाळणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० पौंडांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाईलचा पासवर्ड न देणंही यातच मोडतं, आणि २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यासाठी एकाला दोषी ठरवलं आहे. गप्प बसण्याचा हक्क नाही, म्हणून बदल्यात एक संरक्षण ठेवलं आहे. तिथे दिलेली उत्तरं पुढे त्याच माणसाविरुद्ध फौजदारी खटल्यात, थोडे अपवाद सोडून, पुरावा म्हणून वापरता येत नाहीत.

ताब्यात घेतल्यावर हक्क पक्के होतात. वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, एकांतात मिळतो, फोनवरही मिळतो. वकील मागितला तर सल्ला होईपर्यंत प्रश्न सहसा थांबतात. बाहेर वाट बघणाऱ्या एका माणसाला कळवायला सांगता येतं. भारतीय उच्चायुक्तालयाला कळवण्याची मागणीही करता येते. इंग्रजी नीट समजत नसेल तर पहिल्याच मिनिटाला 'मराठी इंटरप्रिटर प्लीज' म्हणावं. अर्धवट इंग्रजीत उत्तरं देत राहिलं की उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, न जुळणाऱ्या उत्तरावर नवा प्रश्न निघतो आणि तास तिथेच जातात. दुभाषा बहुतेक फोनवरून मिळतो. तो मिळेपर्यंत वेळ जातो हे खरं, पण चुकीच्या उत्तराने जातो त्यापेक्षा कमी.

अधिकाऱ्याचं नाव मिळेलच असं नाही. दहशतवादविरोधी कामात नाव न सांगण्याची त्यांना मुभा आहे, ओळख क्रमांक मात्र मागता येतो. तो आणि सुरुवात-शेवटाची वेळ लिहून घेतली तर पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराला आधार मिळतो.

हे सगळं वाचून धास्ती वाटायला नको. हीथ्रोवरून २०२४ मध्ये ८ कोटींहून जास्त प्रवासी गेले-आले. शेड्यूल सेव्हनच्या तपासण्या सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून वर्षाला काही हजारांच्या घरात आहेत. पण ज्याच्यावर वेळ येते त्याचं विमान हुकतं, आणि ते आकडेवारीने परत येत नाही.

फोन गेला की काय काय जातं

कायद्याने पोलिसांना वस्तू तपासणीसाठी सात दिवसांपर्यंत ठेवून घेता येते, आणि त्यात सगळ्यात जास्त घेतला जातो तो मोबाईल. आता विचार करा, त्या एका फोनमध्ये काय काय असतं. बोर्डिंग पास, हॉटेलचं बुकिंग, ब्रिटनचा ई-व्हिसा उघडण्याचं खातं, मुलाचा नंबर, कारण नंबर आता कोणालाच पाठ नसतात, आणि भारतीय बँकेच्या खात्याला जोडलेलं सिम. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं. नवं तिकीट काढायला कार्ड हातात आहे, पण ओटीपी येणार तो पोलिसांच्या पाकिटात बंद असलेल्या फोनवर.

म्हणून कागद. ई-तिकिटाची छापील प्रत, विम्याची पॉलिसी आणि तिचा चोवीस तासांचा नंबर, जिथे उतरणार त्या घराचा पिनकोडसकट पत्ता, तिथल्या दोन माणसांचे फोन नंबर, रोजच्या औषधांची चिठ्ठी. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत नाही. एक फॉरेक्स कार्ड, त्याचा पिन पाठ, आणि शंभर-दीडशे पौंड रोख. नवरा-बायको दोघं असतील तर कागदांच्या दोन प्रती दोघांकडे आणि कार्डंही वेगवेगळी. एकाला बाजूला घेतलं की दुसरा बाहेर रिकाम्या हाताने उभा राहतो, हे बऱ्याचदा लक्षातच येत नाही.

वकील, डॉक्टर किंवा पत्रकार असाल आणि फोनमध्ये अशिलांची, रुग्णांची किंवा सूत्रांची माहिती असेल तर फोन देतानाच तसं बोलून दाखवा आणि नोंद करायला सांगा. अशा माहितीसाठी आचारसंहितेत वेगळे नियम आहेत. पण कोणीतरी सांगितल्याशिवाय अधिकाऱ्याला ती आत आहे हे कळणार कसं?

एका माणसाला थांबवलं तर अख्खं विमान का थांबतं

गेटवर 'एका प्रवाशाचं सामान उतरवत आहोत' अशी घोषणा झाली की दोनशे माणसं कपाळाला आठ्या घालतात. यामागचा नियम फार महागात शिकलेला आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर पडलेल्या विमानातही बॅग माणसाशिवाय गेली होती, तिथे २७० जण गेले. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय विमानात नियम एकच आहे: माणूस चढला नाही तर त्याची बॅगही जाणार नाही.

बॅगेवरच्या पट्टीवर दहा अंकी क्रमांक असतो. सामान चढवताना तो स्कॅन होतो, त्यामुळे ती बॅग कोणत्या कंटेनरमध्ये आहे ते संगणकाला माहीत असतं. मोठ्या विमानात कंटेनर पोटात एकामागे एक सरकवलेले असतात. हवा असलेला कंटेनर आत असेल तर त्याच्या पुढचे आधी बाहेर काढायचे, तो उघडायचा, बॅग शोधायची, सगळं पुन्हा आत सरकवायचं, वजनाचा तक्ता नव्याने काढायचा. छोट्या विमानात कंटेनर नसतात, बॅगा हाताने रचलेल्या असतात, मग माणसं पोटात वाकून एकेक पट्टी वाचतात. यात अर्धा तास सहज जातो. मधल्या काळात विमानाची उड्डाणाची ठरलेली वेळ हुकली तर हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर पुढच्या वेळेसाठी पुन्हा रांग.

अडवलेल्या प्रवाशाने यातून एक गोष्ट घ्यायची. परतीच्या वाटेवर थांबवलं तर अधिकाऱ्याला लगेच विमान क्रमांक आणि बोर्डिंगची वेळ सांगा, आणि विमान कंपनीला कळवायला सांगा. कंपनीला आधी कळलं तर बॅग शेवटी चढवता येते किंवा खालीच ठेवता येते, आणि प्रवासी 'आलाच नाही' अशी नोंद होत नाही.

'आलाच नाही' ही नोंद आणि तिकिटाची रचना

ही नोंद का टाळायची? कारण तिकिटाचा एक टप्पा कळवल्याशिवाय चुकला की बहुतेक कंपन्यांची यंत्रणा पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करते, परतीचं तिकीटसुद्धा. मुंबई-लंडन-न्यूयॉर्क तिकिटात लंडनला अडकून न्यूयॉर्कचं विमान हुकलं आणि कोणी फोनच केला नाही, तर महिन्याभराने परतायला निघाल्यावर तिकीटच नाही, असं होऊ शकतं. म्हणून बाहेर वाट बघणाऱ्या नातेवाइकाने विमान सुटण्याआधी कंपनीला फोन करून पुढचे टप्पे कायम ठेवायला सांगावं. पीएनआर त्याच्याकडे आधीच असायला हवा.

पुढचं विमान वेगळ्या पीएनआरवर काढलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाही. एकाच पीएनआरवर असेल तर बऱ्याचदा पुढच्या विमानात बसवतात, पण सरकारी तपासणीमुळे उशीर झाला असेल तर तो हक्क नसतो, सवलत असते. विमान उशिरा सुटल्याबद्दल किंवा रद्द झाल्याबद्दल युरोप-ब्रिटनच्या नियमांत जी भरपाई आहे तिच्यात हे बसत नाही, कारण विमान तर वेळेवर सुटलेलं असतं. त्यामुळे सवलत मागताना पोलिसांनी दिलेला हक्क-कर्तव्यांचा छापील कागद, वेळा आणि ओळख क्रमांक काउंटरवर ठेवायचा. कागद बघून काउंटरवरच्या माणसालाही साहेबांकडे जाता येतं.

किती वेळ ठेवायचा? लंडनमध्ये जोडविमान असेल तर आम्ही तीन तासांच्या खाली जाऊ नका म्हणू. पूर्वी कधी थांबवलेलं असेल तर चार. सहा तास ठेवून कोणी तिकीट काढत नाही, आणि काढूही नये. त्यापेक्षा दुसरी गोष्ट बघावी: आपलं विमान हुकलं तर त्याच कंपनीचं त्याच दिवशी आणखी एक विमान आहे का? दिवसातून एकच विमान असलेल्या मार्गावर दोन हजार रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

विमान हुकलं की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. भारतीय पासपोर्टवर हीथ्रोच्या आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर अटींवर सूट आहे. फिरायला काढलेला साधा शेंगेन व्हिसा असेल तर सूट नाही. सूट असलेल्यालाही रात्र काढायला बाहेर पडायचं तर पुढचं पक्कं तिकीट दाखवावं लागतं, आणि ते विमान दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत सुटणारं हवं. त्यामुळे विमान हुकल्यावर पहिलं काम हॉटेल शोधणं नव्हे, नवं तिकीट हातात घेणं. नाहीतर रात्र खुर्चीवर.

अमेरिकेची चार अक्षरं

अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन होत नसेल, 'काउंटरवर या' असा संदेश येत असेल आणि मग छापून मिळालेल्या बोर्डिंग पासच्या कोपऱ्यात 'एसएसएसएस' दिसलं, तर जास्तीच्या तपासणीसाठी निवड झाली आहे. मुंबईहून जाताना ही तपासणी गेटवर होते. अंगझडती, हातातली पिशवी पूर्ण रिकामी, फोन-लॅपटॉप चालू करून दाखवायचे, आणि कापडाचा छोटा तुकडा हातावर आणि बॅगेवर फिरवून स्फोटकांचे कण आहेत का ते यंत्रात बघायचं. पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास. चार्ज नसलेला लॅपटॉप इथे विनाकारण भांडण लावतो.

ते यंत्र चुकीचा इशाराही देतं. ग्लिसरीन असलेली हाताची क्रीम, कुंड्यांना घातलेलं रासायनिक खत, हृदयविकारासाठीची नायट्रोग्लिसरीनची गोळी, फटाके यांचे कण यंत्राला संशयास्पद वाटू शकतात. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी फटाके हाताळताना वापरलेली पिशवी प्रवासाला घेऊ नये. निघायच्या दिवशी सकाळी कुंड्यांना खत घालायचं काम शेजाऱ्याकडे द्यावं. गोळ्या चिठ्ठीसकट जवळ ठेवाव्यात आणि इशारा वाजला तर आधी त्याच दाखवाव्यात.

दर वेळी 'एसएसएसएस' येत असेल तर नशिबाला दोष देण्यापेक्षा डीएचएस ट्रिप या अमेरिकेच्या तक्रार-सेवेत ऑनलाइन अर्ज करावा. पैसे लागत नाहीत, भारतीय नागरिकाला करता येतो, पासपोर्टची प्रत जोडावी लागते. सात अंकी रिड्रेस क्रमांक मिळतो. उत्तराच्या पत्रात तुमचं नाव कुठल्या यादीत आहे किंवा नाही, यातलं काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे बरेच जण ते फाडून टाकतात. तसं करू नका. हा क्रमांक प्रत्येक बुकिंगमध्ये रिड्रेसच्या रकान्यात घालायचा असतो. घातला नाही तर तो मिळवून काही उपयोग नाही.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अमेरिकेत नाही, अबू धाबीतच होतं. त्यामुळे आतल्या खोलीत बसवलं तर हुकतं ते अबू धाबीहून अमेरिकेचं विमान, पोहोचल्यानंतरचं नाही. मध्ये तीन तास तरी हवेत. न्यूअर्क किंवा जेएफकेला उतरून पुढे जोडविमान असेल तर हाच हिशेब तिथे लावायचा, कारण इमिग्रेशन पहिल्या अमेरिकी विमानतळावर होतं आणि बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते.

यातला निम्मा घोळ नावांचा असतो, आणि मराठी नावं त्यात पुढे. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळं. तिकीट काढणारा मुलगा घाईत 'सुनंदा पाटील' लिहितो, पासपोर्टवर मात्र 'सुनंदा रमेश पाटील'. यादीतल्या नावांशी ताडून बघताना संगणकाला पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग लागतं. पाटील, शेख, खान, जाधव यांच्यासारख्या आडनावांत मधलं नाव हेच वेगळं ओळखण्याचं साधन. तेच गाळलं तर दुसऱ्या कोणाशी गल्लत होण्याची शक्यता वाढते. तेव्हा पासपोर्टच्या पहिल्या पानावर जे जसं छापलंय, तसंच्या तसं तिकिटावर. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट आणि विवाहनोंदणीचा दाखला हातात. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल आणि आडनावाचा रकाना कोरा असेल तर प्रवासाआधीच पासपोर्ट कार्यालयात दुरुस्त करून घ्यावा.

घरापासून गेटपर्यंत

आपल्याकडची सीमा मुलुंडलाच सुरू होते. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला आणि मुंबईत सतर्कतेचा इशारा निघाला. असा इशारा असला, किंवा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २६ नोव्हेंबर जवळ आला, की आनंदनगर, मुलुंड एलबीएस, ऐरोली आणि वाशी या चारही नाक्यांवर नाकाबंदी कडक होते. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तिथे टोल नाही, म्हणून लोक नाका विसरून निघतात. बॅरिकेड लावले की रुंद रस्ता दोन रांगांत येतो. डिकीत चार मोठ्या बॅगा असलेली गाडी हमखास बाजूला. पासपोर्ट आणि तिकीट पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातात असेल, ड्रायव्हरचं लायसन्स आणि गाडीचे कागद वरच असतील, तर दोन मिनिटांत सुटका. ते डिकीतल्या बॅगेत असतील तर मागची रांग हॉर्न वाजवणारच. अशा दिवसांत तास-दीड तास आधी निघा. दिवसाचं विमान असेल आणि सामान आटोपशीर असेल तर ठाण्याहून घाटकोपर लोकलने, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३ ने थेट विमानतळाचं टी२ टर्मिनल. रात्रीच्या विमानाला हा पर्याय नाही.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर देशातल्या सगळ्या विमानतळांवर लॅडर पॉइंट तपासणी सक्तीची केली, भेटायला-पोहोचवायला येणाऱ्यांना टर्मिनलमध्ये मनाई झाली, आणि विमान कंपन्यांनी चेक-इन ७५ मिनिटं आधी बंद करायला सुरुवात केली. लॅडर पॉइंट म्हणजे नेहमीच्या सुरक्षा तपासणीनंतर, विमानात चढण्याआधी पुन्हा एकदा अंग आणि पिशवी तपासणं. असा आदेश निघाला की गेटवर शेवटच्या क्षणी पोहोचण्याची सवय सोडावी लागते. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्राचा भरवसा धरू नका, ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे. परदेशी जाताना इमिग्रेशनची रांग वाचवायची असेल तर जानेवारी २०२५ पासून मुंबईत सुरू झालेला विश्वासू प्रवाशांसाठीचा वेगवान इमिग्रेशन कार्यक्रम आहे. नोंदणी मोफत, बोटांचे ठसे आणि चेहरा द्यावा लागतो, मुदत पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते. त्याने रांग वाचते, सुरक्षा तपासणी नाही.

नवी मुंबईकरांनी तिकिटावरचा विमानतळ नीट वाचावा. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याचा विमानतळ सुरू झाला आहे, त्यामुळे 'मुंबई' शोधलं की यादीत दोन विमानतळ येतात. जातानाचं एका ठिकाणाहून आणि येतानाचं दुसऱ्या ठिकाणी, असंही तिकीट निघू शकतं. उलव्याहून दिल्लीला जाऊन पुढे परदेशी जाणार असाल तर दोन्ही एकाच पीएनआरवरच घ्या.

सगळं होऊन विमान हुकलंच, तर परत आल्यावर तीन कामं असतात. ब्रिटनमधल्या पोलिसांविरुद्ध तक्रार त्या त्या पोलीस दलाकडे ऑनलाइन करता येते. त्याने पैसे मिळत नाहीत, पण नोंद राहते, आणि पुन्हा थांबवलं तर ती दाखवता येते. विम्याचा दावा करण्याआधी पॉलिसीतला 'सरकारी यंत्रणेची कारवाई' हा अपवाद वाचा. तो असेल तर हुकलेल्या विमानाचे पैसे मिळणार नाहीत, पण सामान उशिरा आल्याचा दावा वेगळ्या कलमात बसतो का ते विचारता येतं. तिसरं काम सगळ्यात सोपं, आणि तेच राहून जातं. डीजीसीए या आपल्या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे भारतीय कंपनीचं तिकीट पैसे परत न मिळणारं असलं आणि प्रवासी आला नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत मिळतं. कंपनी स्वतःहून देईल याची वाट बघू नका. पीएनआर, तिकीट क्रमांक आणि 'नो-शो टॅक्स रिफंड' एवढे शब्द लिहून ईमेल करा. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्यालाही लिहा, कारण पैसे बऱ्याचदा त्याच्यामार्फत येतात.